कोरीटची मूठभर मिरची

कोरीट गावच्या दगूबाईला एक खोड होती. सुकी मिरची हातात आली की ती देठाशी धरायची, कानाजवळ न्यायची आणि हलवायची. आत बी खुळखुळलं तर ठीक. नाही खुळखुळलं, तर समोर व्यापारी असो, व्याही असो की फौजदार, मिरची त्याच्या हातावर परत ठेवून ती चालायला लागायची. लग्नाच्या पंगतीत फोडणीची मिरचीसुद्धा तिनं एकदा कानाला लावली होती, असं तिची शेजारीण मीनाबाई शपथेवर सांगे. मीनाबाईच्या शपथा फारशा मनावर घ्यायच्या नसतात, पण एवढी एक खरी असावी. ही खोड दगूबाईला लागली एकोणीसशे एकोणसाठच्या हिवाळ्यात, आणि ती लागली एका वर्तमानपत्रापायी. दगूबाईला वाचता येत नव्हतं, हेही आधीच सांगितलेलं बरं.

तिचे यजमान हिंमतराव तिसरी पास होते. तापीकाठी तीन बिघे मिरची, थोडा कापूस, दोन मुलगे, एक सून, असा त्यांचा संसार. घरात बोलायचं काम दगूबाईनं अंगावर घेतलेलं होतं आणि वाचायचं हिंमतरावांनी. बाजाराच्या दिवशी नंदुरबारहून 'निरोप' नावाचं चार पानी साप्ताहिक यायचं. हिंमतराव ओट्यावर मांडी घालून बसायचे, चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि दिल्लीच्या बातमीपासून सुरुवात करायचे. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची त्यांची तऱ्हा. दिल्ली संपेस्तोवर चूल पेटून भाकरी व्हायची.

"पहिले मिरचीना भाव वाचा," दगूबाई आतून म्हणायची. "दिल्ली कोठे पयी जास?"

मग हिंमतराव पळून न जाणारी दिल्ली सोडून गपगुमान पान उलटायचे. मिरचीचा भाव ऐकायला आळीतल्या पाच-सात बाया आपापली कामं घेऊन ओट्याच्या कडेला येऊन टेकायच्या. आठवडाभरात त्यांच्या कानावर पडणारी बाहेरच्या जगाची खात्रीची गोष्ट एवढीच. बाकी सगळं नवऱ्यांनी चावडीवरून आणलेलं, म्हणजे निम्मं पाणी घातलेलं.

'निरोप' काढायचे चुनीलाल मास्तर. एकटेच. पूर्वी शाळेत होते. साहेबापुढे मान खाली घालायला जमेना म्हणून नोकरी सोडली आणि बायकोची नथ, गोठ विकून एक जुनं ट्रेडल घेतलं. पायानं दाबायचं छपाईयंत्र ते. आठवड्यातले पाच दिवस त्यावर लग्नपत्रिका आणि व्यापाऱ्यांची पावतीपुस्तकं छापायची आणि त्या जोरावर दोन दिवस वर्तमानपत्र. बातमी आणायची मास्तरांनी, लिहायची मास्तरांनी, शिशाचे खिळे जुळवायचे मास्तरांनी, आणि अंक निघाला की सायकलवर टाकून वाटायचाही मास्तरांनी. अंगानं काडी, पण एखादी गोष्ट खरी आहे म्हटलं की हलायचा नाही असा माणूस. असल्या माणसाशी बायको कशी नांदते, असा प्रश्न दगूबाईला पडायचा, आणि तो ती त्यांना तोंडावर विचारायची सुद्धा.

तर त्या वर्षी मिरची बाजारात यायला लागली आणि मास्तरांनी कुठून तरी सरकारी शिक्क्याची वजनं पैदा केली. चार पेढ्यांवर जाऊन काटे तपासले. तीन ठीक निघाले. चौथा, रूपचंद शेठचा, मणामागे दोन शेर मिरची गिळत होता. मास्तरांनी पेढीच्या नावानिशी पहिल्या पानावर छापलं. हिंमतरावांनी त्या दिवशी दिल्ली आपणहून सोडून दिली आणि ते पान दोनदा वाचलं. दगूबाईनं बोटांवर हिशेब केला, किती वर्षं आपण शेठकडे मिरची घालतो त्याचा, आणि मग बोटं पुरेनात म्हणून सोडून दिला. पुढच्या बाजारी कोरीटच्या अकरा गाड्या शेठच्या पेढीवरून सरळ पुढे निघून गेल्या. शेठ गादीवरून उठून दारात आला, पण कोणी मान वळवली नाही.

शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. त्यानं फक्त आपली जाहिरात काढून घेतली आणि पावतीपुस्तकं धुळ्याला छापायला टाकली. त्याचं बघून बाकीच्या पेढ्यांनीही तेच केलं. ज्यांचे काटे खरे निघाले होते त्यांनीसुद्धा, हे विशेष. आज त्याचा तपासला, उद्या आपला तपासेल, ही धास्ती. दीड महिन्यात 'निरोप' चार पानांवरून दोनावर आला. मग एक दिवस त्यात चौकट आली. हिंमतरावांनी ती बोट ठेवून वाचली. कागद संपत आला आहे, शेठलोकांच्या दारी पुन्हा जायचं नाही असं ठरवलं आहे, वाचकांना हे पत्र हवं असेल तर ज्यानं त्यानं जमेल तेवढं थोडं थोडं द्यावं, नाहीतर इथंच रामराम.

"म्हणजे भाव येवाव नही?" दगूबाईनं विचारलं.

"नही," हिंमतराव म्हणाले.

दगूबाई उठली. तिला काही सुचलं की ती आधी उठायची आणि मग विचार करायची. बायांच्या हातात पैसा नव्हता, तो पुरुषांच्या बंडीच्या खिशात. आणि पुरुषांनी विचार करायचं म्हटलं की आधी चावडीवर बैठक, मग तंबाखू, मग पुढच्या बैठकीचा दिवस. बायांच्या हातात होती ती मिरची. खुडायची त्यांनी, उन्हातल्या वाळवणावर, पथारीवर पसरायची त्यांनी, उलथीपालथी करायची त्यांनी. आणि घराघरातून गोळा करायची रीत तर खानदेशात कानबाई देवीनं घालूनच दिलेली आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या बाप्यांच्या नावानं मूठ मूठ गहू मोजतात. गरीब असो, श्रीमंत असो, जितके बापे तितक्या मुठी. कोणाला कमीपणा नाही, कोणाला मिरवायला जागा नाही. दगूबाईनं तीच रीत उचलली आणि त्यात एक फेरफार केला. बायांच्याही मुठी मोजल्या.

सदतीस घरं झाली. मीनाबाईनं सासऱ्याच्या नावानं एक मूठ घातली. सासरा वारून चार वर्षं झाली होती, पण त्याला पेपर ऐकायची आवड होती असं ती म्हणाली. एका घरानं तान्ह्या पोरीची मूठ घातली, तिच्या चिमुकल्या हातानं, तीन मिरच्यांची. एकानं बैलाच्या नावानं द्यायची तयारी दाखवली, पण दगूबाईनं ती घेतली नाही, कारण बैल पेपर ऐकत नाही. तीन पोती भरली. पहाटे गाडी जुंपून ती आणि हिंमतराव ऊन चढायच्या आत छापखान्याच्या दारात उभे.

मास्तर दोन शिंका देऊनच बाहेर आले. पोत्यांकडे बघितलं, दगूबाईकडे बघितलं, पुन्हा शिंकले.

"हाई कोरीटनी मिरची," दगूबाई म्हणाली. "इक आनि कागद ली ये. रूपचंदले नको इकजो."

मास्तर चष्मा काढून पुसत राहिले, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं असं त्यांनी भासवलं. मग म्हणाले, "मावशी, घेतो. पण एक आधीच सांगतो. मिरची घेतली म्हणून तुमचं ऐकेनच असं नाही."

"तुले कोन सांगस ऐक म्हनीसन? तू छाप."

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर नावं आली. सगळी. तान्ह्या पोरीचं, वारलेल्या सासऱ्याचं, आणि सदतीस घरांतल्या एकूण एक बाईचं. कोरीटच्या बायांची नावं तोवर कुठं छापली गेली नव्हती. लग्नपत्रिकेवरसुद्धा नाही, तिथं फक्त नवरीमुलीचं. हिंमतराव नावं वाचत गेले आणि ज्या बाईचं नाव आलं ती पदर तोंडाला लावून हसत गेली. 'दगूबाई हिंमतराव' हे शब्द कुठले ते नवऱ्याला दाखवायला सांगून तिनं तेवढा तुकडा कात्रीनं कापला आणि बाभळीच्या डिंकानं आरशाच्या कडेला चिकटवला. रोज सकाळी कुंकू लावताना ती आधी तुकड्याकडे बघायची, मग स्वतःकडे.

हा आनंद तीन आठवडे टिकला.

चौथ्या आठवड्याचा अंक आला. हिंमतरावांनी मांडी घातली, चष्मा पुसला, घसा साफ केला, आणि घडी घालून अंक मांडीखाली सरकवला.

"काबरं थांबनात?"

"डोया दुखी ऱ्हायनात मन्हा."

सव्वीस वर्षांच्या संसारात हिंमतरावांना एकही थाप धड मारता आली नव्हती. "जे शे ते वाचा," दगूबाई म्हणाली. बाया टेकल्याच होत्या. मग त्या बिचाऱ्यानं बोट ठेवून वाचलं. मथळा होता, 'कोरीटच्या मिरचीला पाणी'.

लिहिलं होतं ते असं. वाचकांनी प्रेमानं दिलेल्या तीन पोत्यांपैकी दोन बुरशी धरून वाया गेली. दोंडाईच्याचा व्यापारी घ्यायला आला, पोत्यात हात घातला आणि हात पुसून निघून गेला. मिरची ओली होती. बाजारात नेण्याआधी मिरचीवर पाणी मारून वजन वाढवायचं, हे आपल्या काठावरच्या गावांतून सर्रास चालतं. शेठचा काटा खोटा होता तो आम्ही छापला. हेही खोटं आहे, म्हणून हेही छापतो. यापुढं मिरची घेताना आम्हीही बघून घेऊ, आमचीही चूक झाली.

ओट्यावर सगळ्यांच्या माना हातातल्या कामात गेल्या. कारण बातमी खरी होती. तिन्हीसांजेला कडुनिंबाची डहाळी पाण्यात बुडवून पथारीवर शिंतोडे मारायचे, हे कोरीटची पोरगी भाकरी थापायच्या आधी शिकत होती. भरताना मिरची मोडू नये म्हणून, असं म्हणायचं. मोडू नये म्हणून चार थेंब पुरतात, घागर लागत नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण गंमत अशी की मुठीनं मोजून दिलेल्या मिरचीला पाणी मारून मिळायचं काय? मुठीला कुठलं आलंय वजन. कोणाच्या मनात मास्तरांना फसवायचं नव्हतं. मिरची घराबाहेर चालली एवढं दिसलं आणि हात सवयीनं डहाळीकडे गेला. दगूबाईचा हात सगळ्यात आधी.

हे तिला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. "आमना रोट खाईसन आमनंच चव्हाट्यावर मांडं," ती म्हणाली. रोटाचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा असतो. मूठ घेतली म्हणजे मास्तर भाऊबंद झाला, आणि भाऊबंद घरातलं बाहेर काढत नाही, असा तिचा साधा हिशेब. बायांनी माना डोलावल्या. यापुढे एक देठही द्यायचा नाही असं तिथल्या तिथं ठरलं, आणि दगूबाई मास्तराची खरडपट्टी काढायला दुसऱ्या दिवशी नंदुरबारला निघाली.

बाजारपेठेत रूपचंद शेठ पेढीच्या पायरीवर उभाच होता. वाट बघत असावा. "या मावशी," तो लोण्यासारखा मऊ झाला. "वाचलं मी. फार वाईट वाटलं. पदरचं देऊन बदनामी घेतलीत की हो. असल्या माणसाला पोसायचं कशाला? पुढच्या बाजारी मिरची आपल्याकडेच आणा, दोन आणे जास्त लावतो. आणि पाणी काय, सगळेच मारतात. तुम्ही पाणी मारता म्हणून तर आम्हाला काटा मारावा लागतो. आपण आपसात समजून घेतो ना? त्यात त्या मास्तराचं काय जातं?"

दगूबाईचं पाऊल थबकलं. इतकी वर्षं ती समजत होती की शेठ आपल्याला फसवतो. शेठ समजत होता की आपण दोघं भागीदार आहोत. तिची कानशिलं तापली. शेठला तोंडावर चार शब्द सुनवायचे म्हणून तिनं तोंड उघडलं, पण त्या माणसाच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. ती तशीच वळली आणि छापखान्यात शिरली.

मास्तर खिळे पेट्यांत परत टाकत बसले होते. ट्रेडलवर चादर घातलेली.

"आमना रोट खाईसन..." तिनं सुरुवात केली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढेना.

"मावशी, भाऊबंद म्हणून तर छापलं," मास्तर म्हणाले. "शेठचं छापायचं आणि तुमचं झाकायचं, तर मी तुमचा शेठ झालो. तुमच्याजवळ आधी येऊन बोलायला हवं होतं, तेवढं चुकलं माझं. पण छापलंच असतं." मग त्यांनी चादरीकडे मान वळवली. "आता तुम्ही काही देणार नाही, ते अंक काढतानाच ठाऊक होतं. कागद त्या अंकापुरताच होता. म्हटलं, शेवटचा तरी धड काढावा."

मागच्या खोलीत वाया गेलेल्यांतलं एक पोतं पडलं होतं. दगूबाई आत गेली. तोंड सोडलं तर आतून कुबट वास आला. एक मिरची उचलून तिनं हलवली. काहीच वाजलं नाही. कानाजवळ नेऊन पुन्हा हलवली. आपल्या हातची मिरची, आपल्या पथारीवरची, आणि मुकी. तिला रडू कोसळलं. छापखान्यात कोणी बघत नव्हतं, मास्तर बाहेरच थांबले होते, तरी तिनं पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसून ती बाहेर आली आणि घरी निघून गेली.

घरी येऊन तिनं पाच माणसांच्या पाच मुठी पथारीवर वेगळ्या पसरल्या. चार दिवस ऊन दिलं. डहाळी चुलीत घातली. सून म्हणाली, आत्याबाई, भरताना मोडतील. मोडू दे, ती म्हणाली. मग पदराची झोळी करून ती आळीत फिरली. पहिल्या घरी दार लोटलं गेलं. दुसऱ्या घरी बाई पाणी आणायला गेली होती, म्हणजे आतच होती. मीनाबाई तर तोंडावर म्हणाली की तुला आरशाला लावायला नाव पाहिजे, तर तूच दे. छत्तीस घरं फिरून दगूबाई आपल्याच पाच मुठी घेऊन परत आली. असं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं.

त्या पाच मुठी ती छापखान्यात घेऊन गेली. पाच मुठींत पुरं पत्र निघत नाही, निघतो अर्धा ताव, तोही एकाच बाजूनं. मास्तरांनी तसं सांगितलं.

"अर्धाच काढ," दगूबाई म्हणाली. "मिरचीना भाव टाक. आनि मी सांगस ते टाक. नावसकट."

ती जे बोलली ते ऐकून मास्तरांनी तिला तीनदा विचारलं की हे खरंच छापू का. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं त्यांना त्यांचेच शब्द ऐकवले, हेही खोटं आहे म्हणून हेही छापतो, आणि मग त्यांनी चादर काढली.

बाजाराच्या दिवशी अर्ध्या तावाचा 'निरोप' कोरीटला आला. हिंमतराव ओट्यावर बसले. बाया आल्या नव्हत्या, पण मिरचीचा भाव म्हटल्यावर एकेक जण शेण थापायच्या, धुणं वाळत घालायच्या निमित्तानं ऐकू येईल इतक्या अंतरावर आली. हिंमतरावांनी भाव वाचला. मग खालची ओळ वाचायला घेतली, आणि या खेपेला ते मध्ये थांबले नाहीत.

'मागच्या खेपेला छापखान्यात दिलेल्या मिरचीवर पाणी मारलं होतं. ते मी मारलं होतं. शेठचा काटा खोटा आणि माझी मिरचीही खोटी होती. या खेपेची सुकी आहे, कोणीही येऊन हलवून बघावी. दगूबाई हिंमतराव, कोरीट.'

दगूबाई आत चुलीपुढं बसली होती. भाकरी करपत होती ते तिला कळलं नाही. सदतीस घरांनी मारलेलं पाणी एका बाईनं आपल्या एकटीच्या नावावर घेतलं होतं, आणि ते आता छापलेलं होतं, तालुक्यात वाचलं जात होतं. बराच वेळ गेला. मग ओट्यावर पावलं वाजली.

मीनाबाई दारात उभी होती. दोन्ही हात पुढे, ओंजळ भरलेली, कोपरापर्यंत शेण तसंच माखलेलं, ओंजळ तेवढी धुतलेली.

"हाई मन्ही मूठ," ती म्हणाली. "आनि हाई सासरानी. हालाईसन देख."

दगूबाईनं त्यातली एक मिरची देठाशी धरली आणि कानाजवळ नेली. खुळखुळ वाजली. मग तिनं दुसरी घेतली. ती पण वाजली. मीनाबाईच्या मागं अंगणात आणखी चार-पाच जणी ओच्यात काहीबाही धरून उभ्या होत्या, आणि कुंपणापलीकडून आणखी येत होत्या.

त्या वर्षी अठ्ठावीस घरं झाली, पुढच्या वर्षी पुन्हा सदतीस, आणि मग ब्राह्मणपुरी गावच्या बायांनी मुठीच्या जागी केळीचे घड पाठवून रीत बिघडवायचा प्रयत्न केला तेव्हा मास्तरांनाच हात जोडावे लागले. 'निरोप' पुढं नऊ वर्षं चालला, मास्तरांचे डोळे जाईपर्यंत. त्यात कोरीटबद्दल आणखी दोनदा वाईट छापून आलं आणि दोन्ही वेळा दगूबाईनं मास्तरांना सणसणीत शिव्या घातल्या, आणि हिवाळ्यात मुठी गोळा केल्या. दोंडाईच्याचा व्यापारी कोरीटचं पोतं हात न घालताच उचलायला लागला.

आरशाच्या कडेला नंतर दोन तुकडे चिकटवलेले होते. वरचा पहिल्या मुठीच्या वेळचा, खालचा अर्ध्या तावातला. सून एकदा सारवताना म्हणाली, आत्याबाई, हा खालचा काढून टाकू का, कोणी पाहुणा वाचेल. दगूबाई कुंकू लावत होती. वरचा काढायचा तर काढ, ती म्हणाली, त्या यादीत नाव सगळ्यांचंच होतं.